लिंबाची साल, ग्रेपफ्रूटच्या बिया आणि बाटलीतला तिसराच कोणी

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे राहायला आली होती. जेट लॅग उतरला तशी ती इंडियन स्टोअरमधून लिंबांची पिशवी घेऊन आली आणि अपार्टमेंटच्या इवल्याशा स्वयंपाकघरात तिने लोणचं घातलं. लिंबं धुऊन, पुसून, कोरडी करून फोडी केल्या, मीठ लावलं, बरणीचं तोंड फडक्याने बांधलं आणि बरणी खिडकीत उन्हाला ठेवली. मग फ्रिज आवरताना तिच्या हातात एक विकतच्या डिपचा डबा आला. चष्मा कपाळावरून खाली घेत तिने मागचं लेबल वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘सिट्रस एक्स्ट्रॅक्ट, टिकवण्यासाठी’.

“म्हणजे लिंबाचाच अर्क ना? मग हे आपल्या लोणच्यासारखंच की,” आई म्हणाली.

मी “हो गं” म्हणून मोकळा झालो. खरं तर माझं कामच अन्नातल्या रसायनांचं. तरी ते “हो” मी विचार न करता दिलं होतं, आणि ते मला नंतर टोचत राहिलं. संत्र्या-लिंबाच्या सालींवरच्या आपल्या भागाची तयारी करताना कळलं की आईच्या या साध्या प्रश्नामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक मोठी फसगतही आहे. भागात वेळेअभावी ती दोन वाक्यांत गुंडाळली होती. आज ती नीट सांगतो.

टाकाऊ म्हणजे किती?

आधी फळाकडे बघू. संत्र्याची साल म्हणजे दोन थर. बाहेरचा रंगीत थर तेलाच्या बारीक पिशव्यांनी भरलेला असतो. लहानपणी भावाच्या डोळ्यात साल पिळून तुम्ही मार खाल्ला असेल, तर तो याच पिशव्यांचा प्रताप. या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन नावाच्या एकाच रसायनाचा असतो. फुग्यावर साल पिळली की फुगा फटकन फुटतो, कारण लिमोनीन रबर विरघळवतं. त्याच्या आत पांढरा, कापसासारखा थर असतो. त्यात पेक्टिन असतं, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ. त्याशिवाय हेस्पेरिडिन, नॅरिंजिन अशी संयुगं. बियांमध्ये लिमोनिन असतं. हे लिमोनीनपेक्षा पूर्ण वेगळं आहे, नावं तेवढी जुळी. लिंबाची बी चुकून चावली की तोंड कडू होतं ते याच्यामुळे.

रस काढल्यावर फळाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग उरतो. साल, चोथा, बिया. घरात ते कचऱ्याच्या डब्यात जातं, किंवा वाळवून दिवाळीच्या उटण्यात. कारखान्यात मात्र त्याचे डोंगर होतात. ओले, आंबणारे, माश्या जमवणारे डोंगर. ‘याचं करायचं काय?’ हा प्रश्न जितका जुना, तितकीच जुनी ‘याच्यातून अन्न टिकवायला काही मिळेल का?’ ही आशा.

पहिला धडा: लिंबाचं आम्ल, लिंबाशिवाय

१७८४ साली कार्ल विल्हेल्म शील या स्वीडिश औषधविक्रेत्याने लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक वेगळे केले. पुढे एकोणिसाव्या शतकात या आम्लाचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्याची किल्ली सिसिलीच्या हातात होती. तिथे खाण्याजोगी नसलेली, गळलेली, डागाळलेली लिंबं पिळायची, रसात चुना किंवा खडू घालायचा, की कॅल्शियम सायट्रेट तळाशी बसायचं. ही पांढरी भुकटी वाळवून, पिंपांत भरून जहाजाने बाहेर पाठवायची. परदेशातल्या कारखान्यात तिच्यावर गंधकाचं आम्ल ओतलं की चुना जिप्सम होऊन वेगळा पडायचा आणि सायट्रिक आम्ल मोकळं व्हायचं. म्हणजे टाकाऊ लिंबांपासून अन्न टिकवणारा पदार्थ करणं ही काल-परवाची ‘ग्रीन’ कल्पना नाही. सिसिलीतली गावंच्या गावं त्यावर जगली.

मग पहिलं महायुद्ध आलं. इटलीकडून येणारा माल बेभरवशाचा झाला. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढवली, तर ती भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. ही तीच, जुन्या कांद्याच्या पापुद्र्यावर काळी पूड धरते ती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनी आयात केलेल्या कॅल्शियम सायट्रेटपासून सायट्रिक आम्ल करत होती. तिने करी यांना कामावर घेतलं आणि १९१९ मध्ये बुरशीकडून आम्ल बनवायला सुरुवात केली. काही वर्षांतच सिसिलीचा धंदा बसला. बुरशीला टाक्यांत वाढवण्याची जी विद्या यातून हाती आली, तीच पुढे दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करायला कामी आली.

आज तुमच्या चिप्सच्या पाकिटावर, कोल्ड्रिंकवर, लोणच्याच्या बाटलीवर ‘सायट्रिक अ‍ॅसिड’ किंवा ‘ई ३३०’ लिहिलेलं असतं, ते जवळजवळ सगळं या बुरशीच्या टाक्यांतून आलेलं असतं. त्याला कुठल्याही लिंबाचा स्पर्श झालेला नसतो.

यात फसवणूक नाही. लिंबातला सायट्रिक आम्लाचा रेणू आणि बुरशीने बनवलेला रेणू यांत तसूभर फरक नाही. दोन्ही सारखेच आंबट, आम्लता वाढवून जंतूंना रोखण्यात दोन्ही सारखेच. नाव लिंबाचं, काम तेच, फक्त करणारा बदलला. आपल्या गोष्टीतला हा पहिला धडा. पुढच्या गोष्टीत मात्र उलटं झालं. तिथे नाव फळाचं राहिलं, काम भलत्याच रेणूने केलं आणि ते कुणी सांगितलं नाही.

फ्लोरिडातले सालींचे डोंगर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना क जीवनसत्त्व पोचवायचं होतं. संत्र्यांची जहाजं पाठवणं अवघड, आणि डब्यातला शिजलेला रस चवीला भयंकर. फ्लोरिडात लुई मॅकडॉवेल, एडविन मूर आणि सेड्रिक अ‍ॅटकिन्स या तिघांनी यावर तोड काढली. निर्वात पात्रात कमी तापमानावर रस हवा त्यापेक्षा जास्त आटवायचा, मग त्यात थोडा ताजा रस घालून हरवलेली चव परत आणायची आणि गोठवायचं. पेटंट १९४८ मध्ये मिळालं. तोवर युद्ध संपलं होतं, पण अमेरिकेच्या न्याहारीत गोठवलेल्या संत्रारसाचा डबा कायमचा शिरला. पुढच्या दशकांत फ्लोरिडातल्या दहातल्या नऊहून अधिक संत्र्यांचा रसच होऊ लागला.

आणि रस म्हटला की सालींचे डोंगर आलेच.

यातून सुटायची फ्लोरिडाची युक्ती मला फार आवडते. सालीतलं पेक्टिन पाणी धरून ठेवतं. कितीही दाबा, साल निथळत नाही. म्हणून चिरलेल्या सालींत थोडा चुना मिसळायचा. चुन्याने पेक्टिनची पकड सुटते, साल दाबता येते, वाळवता येते आणि गुरांचं खाद्य होतं. दाबून निघालेलं गोडसर पाणी आटवलं की काकवी मिळते, तीही गुरांना. आटवताना वाफेबरोबर लिमोनीन उडतं, ते गार करून गोळा करायचं. कारखान्यांत ग्रीस साफ करायला, साबणात, सुगंधात त्याला गिऱ्हाईक मिळालं. इकडे कॅलिफोर्नियातल्या लिंबू बागायतदारांनी त्याआधीच सालींपासून पेक्टिन काढायला सुरुवात केली होती. म्हणजे सालीचा जवळपास प्रत्येक भाग कुठे ना कुठे खपला.

उरल्या बिया. त्यांच्या तेलालाही थोडीफार मागणी होती, पण बिया म्हणजे शेवटी कचऱ्यातला कचरा. आणि नेमक्या तिथेच एक चमत्कार सापडल्याची बातमी आली.

न कुजणाऱ्या बियांची गोष्ट

गोष्ट अशी सांगितली जाते. जेकब हॅरिच हे मूळचे युगोस्लाव्हियातले गृहस्थ फ्लोरिडात स्थायिक झाले होते. त्यांना दिसलं की कंपोस्टच्या ढिगात सगळं कुजतं, पण ग्रेपफ्रूटच्या बिया कुजत नाहीत. म्हणजे या बियांत जंतूंना मारणारं काहीतरी जबरदस्त असलं पाहिजे.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही, पण त्याचे आईबाप तुमच्या ओळखीचे आहेत. एक पपनस, दुसरं आपल्या मोसंबीच्या जातीचं गोड संत्रं. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर अठराव्या शतकात या दोघांचा संकर झाला. फ्लोरिडात त्याच्या बागा बहरल्या आणि त्याच्या रसाचे कारखानेही.

१९८०च्या दशकापासून ‘ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट’ नावाचं घट्टसर, कडू द्रावण बाजारात आलं. दावा असा की बिया आणि चोथा वाटून, ग्लिसरीनमध्ये अर्क काढून हे तयार होतं. आणि गुण? जीवाणू, बुरशी, यीस्ट, सगळ्यांवर चालतं, तेही काही थेंबांत. बघता बघता ते सगळीकडे पोचलं. हेल्थ स्टोअरमध्ये घशाच्या दुखण्यावर थेंब, क्रीम आणि शॅम्पूत ‘नैसर्गिक’ प्रिझर्व्हेटिव्ह, फळंभाज्या धुवायचं पाणी, प्रक्रिया केलेलं अन्न. जपानमध्ये तर नैसर्गिक अन्नपूरक द्रव्यांत त्याची गणना झाली.

याची भुरळ का पडली हे समजायला हवं, नाहीतर आपण त्या काळच्या लोकांना उगाच भोळं ठरवू. सत्तर-ऐंशीच्या दशकात लेबलांवरची लांबलचक रासायनिक नावं बघून लोक बिचकायला लागले होते. कंपन्यांना लेबलवर ओळखीचा शब्द हवा होता. कारखान्यांना कचऱ्याला भाव हवा होता. प्रयोगशाळांना कृत्रिम द्रव्यांना पर्याय हवा होता. ग्रेपफ्रूटच्या बियांनी सगळ्यांची सोय केली. आणि सगळ्यांचीच सोय होते तेव्हा तपासायची घाई कुणालाच नसते.

वर प्रयोगही यशस्वी होत होते! पेट्री डिशमध्ये जंतू पसरा, मध्ये अर्काचा थेंब टाका, भोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. असे निकाल एकामागून एक छापून आले. ते खोटे नव्हते. जंतू खरोखर मरत होते. फक्त त्यांना मारतंय कोण, हे विचारायचं राहून गेलं होतं.

बाटलीत कोण बसलंय?

पहिली ठोस शंका जपानमधून आली. १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्यविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या ‘नैसर्गिक’ अर्कातले घटक वेगळे करून पाहिले. सापडलं मिथाइलपॅराबेन आणि ट्रायक्लोसान. पहिलं सौंदर्यप्रसाधनांतलं नेहमीचं कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह, दुसरं जंतुनाशक साबणांतलं.

मग १९९९ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला. दिसायला तो इतका साधा आहे की आपल्यातला कुणीही ‘हे तर मलाही सुचलं असतं’ म्हणेल. त्यांनी बाजारातले सहा अर्क घेतले. पाच अर्कांनी जंतूंना झटक्यात रोखलं. त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड निघालं आणि त्यांतल्या तिघांत ट्रायक्लोसान आणि मिथाइलपॅराबेनही. सहाव्या अर्कात कुठलंच कृत्रिम द्रव्य नव्हतं. त्या सहाव्याने जंतूंचं काहीच वाकडं केलं नाही.

याहून महत्त्वाचं काम त्यांनी पुढे केलं. बाजारातून ग्रेपफ्रूट आणली, स्वतः बिया आणि चोथा वेगळा केला आणि वेगवेगळ्या पद्धतींनी स्वतः अर्क काढले. एकही चालला नाही. म्हणजे बाटल्यांमधला जो जगभर गाजलेला असर होता, तो बियांचा नव्हताच. आत मिसळलेल्या कृत्रिम द्रव्यांचा होता.

तुमच्यापैकी जे लॅबमध्ये काम करतात त्यांना कंट्रोल म्हणजे काय हे ठाऊक असतं. बाकीच्यांसाठी घरगुती भाषेत सांगतो. एखादी म्हणते, माझा केक अमक्या ब्रँडच्या इसेन्समुळे फुलतो. तर तुम्ही एक केक इसेन्स न घालता करून बघायचा, आणि एक बेकिंग पावडर न घालता. कोण खरं काम करतंय ते लगेच कळतं. ग्रेपफ्रूटच्या बाबतीत हा ‘स्वतः वाटून बघण्याचा’ केक भट्टीत जायला वर्षानुवर्षं लागली, कारण तयार बाटली विकत घेणं सोपं होतं.

२००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनी इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात गॅरी टाकेओका आणि सहकाऱ्यांनी तीन नमुने मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआरने तपासले. तिन्हींत बेंझेथोनियम क्लोराइड. उत्पादकांच्या बाजूने एक खुलासा पुढे येत होता: बियांतली पॉलिफेनॉल अमोनियम क्लोराइडबरोबर तापवली की त्यांचंच रूपांतर जंतुनाशक अमोनियम संयुगांत होतं, म्हणजे मूळ फळाचंच. ऐकायला पटण्यासारखं. पण बेंझेथोनियमच्या रेणूला एका टोकाला आठ कार्बनची, खूप फाटे फुटलेली एक शेपटी असते. तशी शेपटी ग्रेपफ्रूटच्या पॉलिफेनॉलमध्ये नसते. ती पेट्रोलियमपासून बनणाऱ्या कच्च्या मालातून येते. फळाचा तुकडा तापवून ती उगवणार कुठून? रेणूची घडणच त्याचं कुळ सांगत होती.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००५ मध्ये याच गटाने पुन्हा बाजारातले नमुने घेतले, तर काहींत आता बेंझाल्कोनियम क्लोराइड निघालं. हे बेंझेथोनियमचं चुलत भावंड. कोव्हिडच्या दिवसांत तुम्ही दाराच्या मुठी ज्या वाइप्सने पुसत होतात, त्यांतल्या पुष्कळ वाइप्समध्ये तेच असतं. जणू एक नाव उघडं पडल्यावर बाटलीने दुसरा वेश घेतला. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये नऊ उत्पादनं एकदम तपासली गेली. बहुतेकांत कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह होतीच.

मग बिघडलं काय?

‘असेना का कृत्रिम, अन्न तर टिकत होतं’ असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. कृत्रिम म्हणजे वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. सायट्रिक आम्लाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली.

पण स्वीडनमधलं २००७ साली प्रसिद्ध झालेलं एक प्रकरण बघा. एक नवरा-बायको, दोघंही रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेत होते. दोघांनी तीन दिवस ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काचे थेंब घेतले. दोघांचंही रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालं आणि दोघांपैकी एकाच्या त्वचेखाली रक्त साकळलं. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. ग्रेपफ्रूटचा रस काही औषधांशी भांडतो हे डॉक्टरांना १९९०च्या आसपासपासून माहीत आहे, म्हणून पहिला संशय फळावर जाणं साहजिक होतं. पण अर्क तपासला तर त्यात बेंझेथोनियम क्लोराइड होतं, आणि वॉरफरिनचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम ते जोरात अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं.

लेबलवर खरं नाव असतं तर डॉक्टर, फार्मासिस्ट, निदान एखादी सावध मुलगी तरी विचार करू शकली असती. लेबलवर फळाचं चित्र असल्यामुळे ती संधीच कुणाला मिळाली नाही. द्रव्य कृत्रिम होतं हा माझा आक्षेप नाही. ते लपलेलं होतं, त्यामुळे त्याचा डोस, धोका, मर्यादा याविषयी कुणी प्रश्न विचारू शकलं नाही, हा आहे.

दुसरं नुकसान विज्ञानाचं झालं. तयार बाटली वापरून केलेले सगळे जुने प्रयोग आता कशावर विश्वास ठेवून वाचायचे? अमेरिकन बॉटॅनिकल कौन्सिलने २०१२ मध्ये या भेसळीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, तरीही विकतचा अर्क घेऊन केलेले निबंध पुढेही येत राहिले. आणि जे संशोधक खरोखर सालींतून काही उपयोगी शोधतायत, त्यांच्या प्रामाणिक, माफक निकालांना या झगमगीत खोट्या आकड्यांशी स्पर्धा करावी लागली.

सालीत खरंच काही आहे का?

आहे. पण जादू नाही.

लिमोनीन आणि लिंबाच्या तेलातलं सिट्रल जंतूंच्या पेशीचं स्निग्ध आवरण सैल करतात, पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. काही जीवाणूंवर हे चांगलं चालतं. ज्यांना आणखी एक बाहेरचं कवच असतं, त्या ई. कोलायसारख्यांवर कमी. शिवाय पेट्री डिशमधला आकडा स्वयंपाकघरात टिकत नाही. अन्नातली चरबी आणि प्रथिनं हे तेल शोषून घेतात, मग परिणाम साधायला इतकं तेल घालावं लागतं की पनीरला संत्र्याच्या गोळीचा वास येतो. म्हणून आता संशोधक तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून, किंवा पेक्टिनच्या पातळ खाद्य आवरणात ते अडकवून, कमी मात्रेत काम भागतं का ते बघतायत.

सालीतली हेस्पेरिडिन, नॅरिंजिनसारखी संयुगं तेल-तुपाचा, मांसातल्या चरबीचा खवटपणा लांबवू शकतात. सालीचा तंतू पाणी धरतो. ही कामं छोटी असली तरी खरी आहेत. ज्याने ती मोजली, त्याने स्वतः साल वाटून मोजली असेल तर त्यांवर भरवसा ठेवता येतो.

आणि सालीच्या ताकदीची हद्द दाखवणारा एक गंमतशीर साक्षीदार तुमच्या फळांच्या टोपलीतच असतो. संत्र्यावर हिरवी पावडर धरते ती पेनिसिलियम डिजिटॅटम ही बुरशी. सालीचं तेल इतकं जंतुनाशक असतं तर ती जगलीच नसती. इस्राएलमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की संत्र्याच्या सालीतली लिमोनीनसारखी उडणारी द्रव्यं या बुरशीला रोखत तर नाहीतच, उलट तिला रुजायला आणि वाढायला मदत करतात. लाखो वर्षं एकाच शेजारात राहिल्यावर शत्रूला घराचा पत्ता वासावरूनच कळायला लागतो!

आईच्या बरणीत

मग लिंबाचं लोणचं टिकतं कशामुळे? साल तर आपण अख्खी घालतो.

टिकतं ते मुख्यतः मीठ आणि आम्ल या जोडीमुळे. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंच्या वाट्याला मोकळं पाणी उरू देत नाही. लिंबाच्या रसामुळे आम्लता इतकी राहते की बोट्युलिझमच्या भयंकर जंतूसारखे तिथे वाढूच शकत नाहीत. लिंबं पुसून कोरडी करणं, ओला चमचा बरणीत न घालणं, यालाही तितकंच महत्त्व. साल हळूहळू मुरते, मऊ होते, सुगंध देते, आणि सालीचं तेल थोडाफार हातभारही लावत असेल. पण बरणीचा खरा पहारा मीठ आणि आंबटपणाच करतात.

तर आईच्या प्रश्नाला मी द्यायला हवं होतं ते उत्तर असं: “तुझ्या बरणीत काय काय आहे आणि प्रत्येक जण काय काम करतो हे तुला माहीत आहे. या डब्यावर फक्त एका फळाचं कूळ लिहिलंय. आत नक्की कोणतं द्रव्य आहे, किती आहे, ते काय करतं, यातलं काहीच नाही. कदाचित ते साधं, उत्तम असेल. पण लेबल वाचून ते मला कळत नाही.”

आपण बाहेरच्या देशांत राहणारे लोक लेबलं फार वाचतो. शाकाहारी आहे ना, जिलेटिन नाही ना, इथपासून सुरुवात होते, आणि मग ‘नैसर्गिक’ शब्द दिसला की घरची आठवण येऊन आपण सैल पडतो. तिथे सैल पडू नका, एवढंच सांगायचंय. ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. सायट्रिक आम्ल बुरशीतून आलं तरी बिघडलं नाही, आणि ‘ग्रेपफ्रूटमधून आलं’ एवढ्याने ते थेंब सुरक्षित ठरले नाहीत. उरलेला अर्धा प्रश्न असा: ‘यात नेमकं काम कोण करतंय, आणि ते कुणी स्वतः तपासलंय का?’

आणि तुमच्यातलं कुणी उद्या नागपूरच्या संत्र्यांच्या किंवा साओ पावलोच्या रस कारखान्याच्या सालींवर काम करणार असेल, तर तुम्हाला ग्राइफ्सवाल्डच्या त्या मंडळींचा रस्ता माहीत आहे. बाटली विकत आणण्याआधी बाजारात जा, फळ आणा, स्वतः सोला, स्वतः वाटा. निकाल फिका आला तर फिकाच लिहा.

आई सप्टेंबरात परत गेली. लोणचं अजून फ्रिजबाहेरच आहे, झाकणावर तिच्या अक्षरात तारीख लिहिलेली आहे. मागच्या आठवड्यात फोनवर मी तिला ही सगळी बियांची कहाणी ऐकवली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे रे, पण बरणीत कोरडाच चमचा घालतोस ना?”